हायब्रिड बेस अँप तापला की आवाज पडतो: घरी उघडावा का, आणि कसा?

मंद्रसप्तक (वर्तकनगर, ठाणे)

नमस्कार मंडळी. मी ठाण्यातल्या एका वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतो. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला हायब्रिड बेस हेड (स्पीकर नसलेला नुसता अँप) आहे. प्रीअँपमध्ये (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारा भाग) एक व्हॉल्व्ह (१२एएक्स७), जोडीला ऑप-अँपवर (सिग्नल वाढवणारा आयसी) चालणारे टोन कंट्रोल आणि ग्राफिक इक्वलायझर, पुढे ट्रान्झिस्टरचा पॉवर अँप. ४ ओहमला ३५० वॅट. ट्रान्सफॉर्मर जुन्या पद्धतीचा, गोल आणि दणदणीत वजनाचा.

तक्रार अशी की चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं आवाज झकास असतो. मग तो फाटायला लागतो, खालून घूंऽऽ चढते आणि शेवटी आवाज निम्म्याच्याही खाली येतो. बंद करून थंड होऊ दिला की पुन्हा काही वेळ ठीक. फ्यूज उडत नाही, जळका वास नाही, पंखा फिरतो. वागळे इस्टेटमधल्या तालमीच्या खोलीत जे होतं तेच घरीही होतं.

आतापर्यंत दोन सल्ले मिळालेत. एक म्हणतो प्लगची अर्थ पिन काढ, घूं जाईल. दुसरा म्हणतो व्हॉल्व्ह बदल. मला मल्टिमीटर वापरता येतो, सोल्डरिंग बऱ्यापैकी जमतं, केबल आणि पेडल स्वतःच दुरुस्त करतो. पण अशा अँपच्या आत ३०० व्होल्ट असतात असं ऐकलंय. गणपतीचे कार्यक्रम तोंडावर आलेत. हात घालावा का?

पामबीचकर (नेरूळ)

सरळ ट्रेन पकडून ग्रँट रोड गाठा आणि लॅमिंग्टन रोडला कुणाला तरी दाखवा. जीव महत्त्वाचा.

टाका_आणि_तार (रबाळे)

पामबीचकर, सल्ला चुकीचा नाही, पण कारागिराकडे नेतानाही दुखणं कुठे आहे हे मालकाला सांगता आलं तर काम निम्म्या वेळात होतं. आणि ते शोधायला स्क्रू फिरवावा लागत नाही.

मी रबाळे एमआयडीसीत पॉवर सप्लाय आणि मोटर ड्राइव्ह दुरुस्त करतो, संध्याकाळी ऑडिओची कामं. मंद्रसप्तक, झाकण बंद ठेवूनच आधी एवढं करा.

पहिलं, बाहेरच्या गोष्टी बाद करा. दुसरी केबल, दुसरं कॅबिनेट (स्पीकरची पेटी). गिटार ॲक्टिव्ह असेल तर आतली ९ व्होल्टची बॅटरी नवी. कॅबिनेटला जाणारी केबल स्पीकरचीच आहे ना, गिटारची शील्डवाली नाही ना, हेही बघा. सेकंडहँड आहे म्हणता, तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर २३० वर आहे याची खात्री करा. परदेशातून आलेल्या मालात तो ११५ वर राहिलेला असू शकतो.

दुसरं, मागे इफेक्ट्स लूपचे सेंड (प्रीअँपमधून बाहेर) आणि रिटर्न (पॉवर अँपमध्ये आत) असे जॅक असतील. आवाज पडलेला असताना एक छोटी पॅच केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज परत आला तर दोष जॅकच्या आतल्या पातीचा. त्या जॅकमध्ये काही लावलेलं नसताना सिग्नल ती पातीच पुढे नेते आणि खाडीच्या दमट, खारट हवेत तिच्यावर गंज धरतो. इकडे ऐरोली-कोपरखैरण्यातून आलेल्या अँपमध्ये मी हे नेहमी बघतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने काम होतं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आवाज पडलेला असतानाच फोनमधलं गाणं, आवाज अगदी कमी ठेवून, थेट रिटर्नमध्ये द्या. स्वच्छ वाजलं तर पॉवर अँप ठणठणीत, दोष प्रीअँपकडे. मग उलट बाजूने: गिटार नेहमीच्या इनपुटला आणि सेंडमधून केबल दुसऱ्या कुठल्याही अँपला. तिथेही फाटका आवाज आला तर शिक्कामोर्तब.

व्हॉल्व्ह आत्ता विकत घेऊ नका. व्हॉल्व्ह खराब असता तर तो बहुतेक खरखरला असता, टिचकीला वाजला असता किंवा पेटलाच नसता. तापल्यावर आवाज पडणं आणि थंड झाल्यावर परत येणं हे आधी सुटलेल्या टाक्याचं लक्षण मानायचं.

स्टेजवाला (कळवा)

अर्थची पिन काढून बघायला काय हरकत आहे? साऊंडच्या धंद्यात सगळे काढतात. वर्षानुवर्षं काढतोय, कुणाला काही झालेलं नाही. घूं लगेच जाते.

विद्युल्लता (खारघर)

स्टेजवाला, हरकत आहे, आणि ती मला जोर देऊन सांगायची आहे.

गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलच्या शील्डला आणि तिथून अँपच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. म्हणजे वादकाची बोटं कायम अँपच्या चॅसिसवर असतात. अर्थ असताना आत कुठे फेज पत्र्याला टेकली तर प्रवाह अर्थमधून जातो आणि फ्यूज उडतो. पिन काढली की काहीच उडत नाही, पत्रा २३० व्होल्टवर शांतपणे उभा राहतो. समोरचा माईक मिक्सरमधून अर्थला जोडलेला असतो. वादक गायला पुढे झुकतो, ओठ माईकला लागतात, आणि हात ते ओठ या वाटेत छाती येते. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्झी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी चालू कार्यक्रमात विजेचा झटका बसून गेला; तिथे अर्थिंग माईकला नव्हतं.

आपल्या थ्री-पिन प्लगची अर्थ पिन जाड आणि लांब ठेवली आहे ती उगीच नाही. ती सॉकेटमध्ये सगळ्यात आधी लागते आणि सगळ्यात शेवटी सुटते. ‘कुणाला काही झालेलं नाही’ याचा अर्थ एवढाच की अजून कुठल्या अँपची आतली फेज सुटून पत्र्याला लागलेली नाही.

स्टेजवाला (कळवा)

तारा आणि पत्रा एकच, हे डोक्यात कधी आलं नव्हतं. मग घोडबंदर रोडवरच्या हॉलमध्ये घूं आली तर करायचं काय? कार्यक्रम तर व्हायला हवा.

विद्युल्लता (खारघर)

अँप, पेडल बोर्ड आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा. वेगवेगळ्या भिंतींतल्या सॉकेटवरून घेतलं की अर्थच्या दोन वाटा होतात आणि त्या लूपमधून घूं येते. मिक्सरला लाईन देताना मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) टाका आणि त्याचा ग्राउंड लिफ्ट दाबा. तो फक्त सिग्नल केबलची शील्ड तोडतो, मेनची अर्थ जागेवर राहते. कार्यक्रमाआधी हॉलचं सॉकेट तपासायची सवय लावा: फेज आणि अर्थच्या मध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये दोन-चार व्होल्टच्या आत. नुसत्या मीटरने अर्थ किती भक्कम आहे ते कळत नाही, पण मुळातच नसली तर लगेच कळतं.

मंद्रसप्तक (वर्तकनगर, ठाणे)

पिन काढणार नाही, विषय संपला.

टाका_आणि_तार, सांगितलं तसं सगळं केलं. केबल, कॅबिनेट, बॅटरी बदलून फरक नाही. सिलेक्टर २३० वरच आहे. आवाज पडल्यावर सेंड-रिटर्न पॅच केलं, फरक नाही. फोनमधलं गाणं रिटर्नमध्ये दिलं तर स्वच्छ, आणि घूंसुद्धा गायब. सेंडमधून मित्राच्या की-बोर्ड अँपला दिलं तर तिथे घूं आणि फाटका आवाज दोन्ही. म्हणजे प्रीअँप.

खर्जप्रेमी (सीवूड्स)

मीही बेस वाजवतो, म्हणून एक आपल्या कामाची गोष्ट. घूं कुठल्या सुराची आहे ते ऐका. आपली वीज ५० हर्ट्झची. ई तारेचा तिसरा पडदा, म्हणजे खालचा जी, ४९ हर्ट्झ असतो. मोकळी जी तार ९८. घूं खालच्या जीच्या जवळ असेल तर ती ५० हर्ट्झ: अर्थ लूप, शील्ड, व्हॉल्व्हचा हीटर या बाजूला शोधायचं. मोकळ्या जीच्या जवळ असेल तर १००: डीसी सप्लायमध्ये रिपल (पूर्ण सपाट न झालेली लहर) राहतोय, म्हणजे कपॅसिटर किंवा रेग्युलेटरकडे बोट जातं, कारण ब्रिज रेक्टिफायर दर सेकंदाला १०० टेकड्या काढतो. फोनवरचा ट्यूनर दोन्ही वेळा जी दाखवेल, सुमारे ३५ सेंट चढा (अर्ध्या सुराचे १०० सेंट). सप्तक कुठलं ते मात्र कानाने ठरवायचं. मोकळी तार छेडून घूंशी जुळवली की सेकंदाला दोन ठोके स्पष्ट ऐकू येतात.

मंद्रसप्तक (वर्तकनगर, ठाणे)

हे कमाल आहे. मोकळी जी! ट्यूनरवर काटा उजवीकडे, आणि तार छेडल्यावर ते ठोके अगदी मोजता येतात. म्हणजे १०० हर्ट्झ.

टाका_आणि_तार (रबाळे)

मग संशयित जवळजवळ हातात आहे. ऑप-अँपना +१५ आणि −१५ असे दोन सप्लाय लागतात. बऱ्याच अँपमध्ये ते पॉवर अँपच्या +७० आणि −७० च्या लाईनवरून, मध्ये रेझिस्टर घालून आणि झेनर (व्होल्टेज ठरावीक आकड्यावर धरणारा डायोड) लावून काढलेले असतात. ७० चे १५ करायचे म्हणजे ५५ व्होल्ट त्या रेझिस्टरवर पडतात. ५०–६० मिलिअँपिअर धरले तरी ३ वॅट उष्णता झाली, अँप चालू असेपर्यंत अखंड. खाली बेसची थरथर, वर ही भट्टी. टाक्याभोवती गोल चीर पडते. थंड असताना ती चिकटून असते, तापली की उघडते. एक सप्लाय कोसळला की ऑप-अँप सिग्नलची एक बाजू कापतात, आवाज फाटतो आणि रिपल सरळ आत शिरतो.

हे अजून अनुमान आहे. झाकण उघडून बघावं लागेल. त्याआधी विद्युल्लता यांनी सुरक्षेचं लिहावं, माझ्यापेक्षा त्या नीट सांगतील.

विद्युल्लता (खारघर)

लिहिते. सावकाश वाचा.

हायब्रिडमध्ये दोन वेगळे धोके एका पेटीत असतात. व्हॉल्व्हचा सप्लाय २०० ते ३०० व्होल्टचा असू शकतो. त्याचे कपॅसिटर छोटे, २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचे, पण झटका जबर. पॉवर अँपच्या लाईनी ७० व्होल्टच्या, तिथे झटका कमी लागेल, पण कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरडचे. एकेकात सुमारे २५ जूल. तिथे पेचकस टेकला तर धातू वितळतो, ठिणगी डोळ्यात उडते, आणि अंगठी किंवा कडं आडवं आलं तर बोट भाजतं.

घरात आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह तोलते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सुटते. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या ३०० व्होल्टचा झटका तुम्हाला बसला तर अलीकडच्या बाजूला फरकच पडत नाही. आरसीसीबी जागची हलणार नाही.

त्यामुळे आधी प्लग सॉकेटमधून ओढून काढा, नुसतं बटण नाही, आणि प्लग डोळ्यासमोर टेबलावर ठेवा. दहा मिनिटं थांबा. घड्याळ, अंगठी, साखळी काढा. पायात रबरी चप्पल, जमीन कोरडी. घरात दुसरं माणूस हवं, आणि मेन स्विच कुठे आहे ते त्याला माहीत हवं. तुम्हाला झटका बसला तर आधी मेन पाडायचा, तोवर तुम्हाला हात लावायचा नाही, हेही त्याला आधीच सांगून ठेवा. मीटर आणि त्याच्या वायरी किमान ६०० व्होल्ट, कॅट २ किंवा ३ (मीटरवर छापलेली सुरक्षा श्रेणी) च्या.

झाकण निघाल्यावर हात न लावता आधी मोजा. मीटर डीसीवर, काळी वायर मगरचिमट्याने चॅसिसला, लाल वायर एका हाताने, दुसरा हात पाठीमागे. मोठ्या कपॅसिटरची दोन्ही टोकं, मग व्हॉल्व्हच्या सप्लायचे कपॅसिटर. ५ व्होल्टच्या वर काहीही दिसलं तर ते रेझिस्टरने उतरवायचं.

पामबीचकर (नेरूळ)

पेचकसाने शॉर्ट करून उतरवताना मी लोकांना पाहिलंय. रेझिस्टरच कशाला?

टाका_आणि_तार (रबाळे)

पेचकसाने शेकडो अँपिअर क्षणात जातात. कपॅसिटरचे आतले जोड कमजोर होतात, बोर्डावरची पट्टी उडते, आणि माणूस दचकून हात भलतीकडे नेतो. रेझिस्टरने तेच काम चार-पाच सेकंदांत आवाज न करता होतं.

दोन बनवून ठेवा. मोठ्या कपॅसिटरसाठी १०० ओहम, १० वॅट, पांढरा सिमेंटवाला. १०,००० मायक्रोफॅरडला पाच सेकंदांत व्होल्टेज एक टक्क्याच्या खाली. व्हॉल्व्हच्या बाजूसाठी १० किलोओहम, ५ वॅट. प्रत्येकाच्या एका टोकाला मगरचिमटा, दुसऱ्या टोकाला जुन्या मीटरची प्रोब, रेझिस्टरवर श्रिंक ट्यूब. चिमटा आधी चॅसिसला, प्रोब नंतर. उतरवल्यावर पुन्हा मोजा. मिनिटभराने आणखी एकदा मोजा, कारण मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उतरवल्यानंतर थोडे आपोआप परत चढतात.

यानंतर वीज न लावता फक्त डोळ्यांनी बघा. चांगला टॉर्च आणि भिंग. बोर्ड कुठे तपकिरी झालाय?

मंद्रसप्तक (वर्तकनगर, ठाणे)

आज दुपारी उघडला. बायको शेजारी बसली होती, मेन तिने आधी पाडून बघितला. मोठ्या कपॅसिटरवर उघडल्यावर ३ व्होल्टच होते, पण व्हॉल्व्हच्या बाजूच्या एकावर ६१ निघाले. आतमध्ये एवढा वेळ काहीतरी शिल्लक असेल असं बघून अजिबात वाटत नव्हतं. १० किलोओहमने उतरवले.

आता मुख्य गोष्ट. प्रीअँपच्या बोर्डावर कोपऱ्यात दोन पांढरे सिमेंटचे रेझिस्टर शेजारी शेजारी, बोर्डाला अगदी टेकलेले. त्यांच्याखाली बोर्ड काळपट चहाच्या रंगाचा झालाय. मागच्या बाजूला भिंगातून बघितलं तर एका रेझिस्टरच्या पायाभोवती केसाएवढी बारीक गोल रेघ. रेझिस्टर वरून लाकडी काडीने हलवला की पाय टाक्याच्या आत हलतो. शेजारी दोन झेनर आहेत आणि त्यांना लागून एक छोटा कपॅसिटर, त्याचं प्लास्टिक आक्रसलंय.

टाका_आणि_तार (रबाळे)

हाच तो. तरी टाका घालण्याआधी एकदा मोजून घ्या, म्हणजे दोष हाच होता की शेजारी आणखी एक आहे ते कळेल. हे मोजमाप चालू अँपवर करायचं, म्हणून पद्धत पाळा.

वीज बंद असताना, कपॅसिटर उतरवलेले असताना, लाल वायरीला बारीक हूक क्लिप लावून ती −१५ च्या झेनरच्या पायाला अडकवा. काळी चॅसिसला. मग दोन्ही हात बाहेर काढा, प्लग लावा, चालू करा आणि फक्त मीटरकडे बघा. दुसऱ्या झेनरवर जायचं असेल तर पुन्हा बंद, पुन्हा उतरवणं, पुन्हा क्लिप. ऑप-अँपच्या पिनांवर प्रोब धरून मोजू नका. चौथी पिन म्हणजे −१५, तिच्याशेजारीच इनपुट. प्रोब घसरली की चांगला आयसी गेला.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा. आपले इलेक्ट्रिशियन वापरतात तोच, फेजमध्ये १०० वॅटचा जुन्या तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भडक पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद. तो मंद झाल्याची खात्री पटली की बल्ब काढून सरळ विजेवर मोजा, कारण बल्बमुळे व्होल्टेज थोडं पडतं आणि आकडे फसवतात. कॅबिनेट जोडू नका. व्हॉल्व्हवाल्या पॉवर अँपला लोडशिवाय चालवणं घातक, पण तुमचा पॉवर अँप ट्रान्झिस्टरचा आहे, त्याला लोड नसल्याने काही होत नाही.

मंद्रसप्तक (वर्तकनगर, ठाणे)

बल्ब उजळून मंद झाला. मग सरळ विजेवर: +१५ ची बाजू १५.१, तापल्यावरही १५.१. −१५ ची बाजू सुरुवातीला १४.८. अर्ध्या तासाच्या आत ती हलायला लागली, १२, ९, परत १३, मग ६ च्या आसपास लटपटत राहिली. बाहेरून लांब लाकडी काडीने तो रेझिस्टर किंचित दाबला की आकडा उडी मारून १४.८.

डोळ्यासमोर आकडा खाली जाताना बघणं भारी होतं.

टाका_आणि_तार (रबाळे)

उत्तम निदान. आता दुरुस्ती.

जुन्या टाक्यावर नवं सोल्डर थापू नका. जुनं सोल्डर सकरने (ओढून घेणारा पंप) आणि विकने (शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) पूर्ण काढा, पाय बारीक पॉलिश पेपरने घासा, फ्लक्स लावा, ६०/४० नव्याने भरा. दोन्ही रेझिस्टर काढलेच आहेत तर नवे घाला, त्याच ओहमचे आणि त्याच वॅटचे किंवा एक पायरी वरच्या वॅटचे, आणि बोर्डापासून सेंटिमीटरभर वर उभे ठेवा म्हणजे खालून हवा जाईल. बोर्डाची पट्टी उचलली गेली असेल तर पुढच्या जोडापर्यंत तांब्याची तार टाका. झेनरही बदला. १ वॅटचे असतील तर १एन४७४४, ५ वॅटचे असतील तर १एन५३५२. दिशा बघून. आक्रसलेल्या कपॅसिटरच्या जागी नवा १०५ अंश सेल्सिअसचा, व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त.

हे सगळं करताना दर वेळी प्लग बाहेर, दर वेळी मोजणं. पहिल्यांदा माणूस सगळं पाळतो. चौथ्यांदा उघडताना ‘आत्ताच तर उतरवले होते’ म्हणून हात घालतो, आणि मला माहीत असलेले झटके तेव्हाच बसलेत.

दगडीचाळ_ते_डोंबिवली (डोंबिवली)

धागा थोडा पळवतो, माफ करा. माझा हायब्रिड हेड चालू केला की लगेच फ्यूज उडतो. दोन बदलले, दोन्ही गेले. आता जाड फ्यूज लावून बघू का? एकाने चांदीचा कागद गुंडाळायला सांगितलंय.

टाका_आणि_तार (रबाळे)

नाही, नाही आणि नाही. फ्यूज उडणं म्हणजे तो त्याचं काम करतोय. मूळ आकड्याचा आणि मूळ जातीचाच लावायचा. टी लिहिलेला असेल तर टी, म्हणजे सावकाश उडणारा. कागद लावलात तर फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि ट्रान्सफॉर्मर मिळत नाही.

लगेच फ्यूज म्हणजे बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट, नाहीतर ब्रिज रेक्टिफायर. कॅबिनेटची केबल काढून ठेवा, चुकूनही जोडू नका. ४ ओहमवर ७० व्होल्ट डीसी आला तर हिशोबाने १७ अँपिअरच्या वर, १२०० वॅट होतात; व्हॉइस कॉइल काही क्षणांत जाते. संरक्षक रिले असतो, पण त्याच रिलेच्या पाती चिकटलेल्या मी पाहिल्यात.

आणि तुमचं काम कारागिराला द्या, हे मी मनापासून सांगतोय. एक ट्रान्झिस्टर गेला की तो ड्रायव्हर, एमिटर रेझिस्टर, कधी बायसचा (सिग्नल नसतानाही वाहणारा थोडासा प्रवाह ठरवणारा) ट्रान्झिस्टर सोबत नेतो. त्यातला एक बदलायचा राहून गेला तर नवे सगळे पहिल्या सेकंदाला जातात. बदलताना जोड्या जुळवाव्या लागतात, अभ्रकाचे वॉशर आणि पेस्ट नीट बसवावी लागते, बायस मोजून लावावा लागतो. वर बाजारात ५२००-१९४३ सारख्या जोड्यांचा नकली माल भरपूर, आतली चिप छोटी, जोर दिला की गेली. अधिकृत वितरकाकडून, बिलाने घ्या किंवा कारागिराला तशी अट घाला.

खर्जप्रेमी (सीवूड्स)

माझा नवीन हेड व्हॉल्व्ह प्रीअँपचाच आहे, पण हातात धरून लोकलने नेता येईल एवढा हलका. क्लास-डी म्हणतात. त्यालाही हेच सगळं लागू का?

विद्युल्लता (खारघर)

बाहेरून करायच्या चाचण्या लागू. उघडणं लागू नाही. हलका आहे कारण त्यात मोठा ट्रान्सफॉर्मर नाही, स्विचिंग सप्लाय आहे. त्यात २३० व्होल्ट सरळ रेक्टिफाय होतात, म्हणजे पहिल्याच कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी, काही बनावटींत ४०० च्या जवळ. आणि तो भाग मेनपासून वेगळा केलेला नसतो. ‘काळी वायर चॅसिसला’ ही वर दिलेली पद्धत तिथे चालतच नाही, तिथला शून्य वेगळा असतो. अशा हेडचं झाकण घरी काढू नका.

मंद्रसप्तक (वर्तकनगर, ठाणे)

काम झालं!

दोन्ही रेझिस्टर, दोन्ही झेनर, तो कपॅसिटर नवे. रेझिस्टर वर उचलून बसवले. एका ठिकाणी पट्टी खरंच उचलली गेली होती, तिथे तार टाकली. बोर्ड बाहेर होता म्हणून इनपुट आणि लूपच्या जॅकांचे टाकेही नव्याने भरले, आणि पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या खुंट्यांमागचे फिरते रेझिस्टर) क्लीनरने धुतले. मग सिरीज बोर्ड, बल्ब मंद. सरळ विजेवर +१५.० आणि −१५.१, तासभर जागचे हलले नाहीत.

कॅबिनेट लावण्याआधी काय बघू?

टाका_आणि_तार (रबाळे)

स्पीकर जॅकवर डीसी मोजा, काही न जोडता, मास्टर शून्यावर. दहा-वीस मिलिव्होल्ट छान, ५० पर्यंत चालेल. १०० च्या वर असेल तर इथे लिहा. व्होल्टमध्ये असेल तर कॅबिनेट जोडू नका. ठीक आला तर आधी एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर लावून कमी आवाजात तासभर चालवा, मग स्वतःचं कॅबिनेट. आणि झाकण लावण्याआधी अर्थ तपासा: प्लग बाहेर असताना जाड पिन आणि चॅसिस यांच्यात अर्ध्या ओहमच्या आत यायला हवं. चॅसिसचा तो नट ढिला असेल तर दातेरी वॉशर घालून घट्ट करा.

मंद्रसप्तक (वर्तकनगर, ठाणे)

जॅकवर १४ मिलिव्होल्ट. अर्थ ०.२ ओहम, नट पाव फेरा फिरला, घट्ट केला. जुन्या स्पीकरवर तासभर, मग कॅबिनेटवर काल पूर्ण तालीम झाली. आवाज पडला नाही, घूं नाही. पहिल्या दिवशीच व्हॉल्व्ह विकत घेतला असता तर पैसे गेले असते आणि दोष तिथेच राहिला असता. टाका_आणि_तार, विद्युल्लता ताई, खर्जप्रेमी, मनापासून आभार.

स्टेजवाला (कळवा)

आमच्या गोडाऊनमधल्या सगळ्या केबली आज बाहेर काढल्या. पिन कापलेले प्लग बदलायला घेतलेत. सहा अँपिअरचे चांगले थ्री-पिन टॉप घाऊक कुठे मिळतील, ठाण्यातच? आणि मोठ्या पॉवर अँपना १६ चेच लावायचे ना?

विद्युल्लता (खारघर)

हो, मोठ्यांना १६ चे, आणि केबलची जाडीही त्याला साजेशी, २.५ चौरस मिलिमीटर. आयएसआय खूण बघून घ्या. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला इलेक्ट्रिकलच्या घाऊक दुकानांत चौकशी करा. प्लग बसवताना अर्थची हिरवी वायर आतमध्ये बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. केबल ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी तुटायला हवी.